निर्जंतुक पाठ्यपुस्तक

सूक्ष्मजीवशास्त्राच्या सरांचं स्वतःच्या पाठ्यपुस्तकाबद्दल एक ठाम मत होतं, ते म्हणजे त्यात सुधारायला जागा नाही. सहाशे पानांचा तो ठोकळा तीन वर्षांपूर्वी बाजारात आला. त्याच्या चार प्रती कॉलेजच्या ग्रंथालयात लागल्या आणि आजही त्या कालच छापखान्यातून उतरल्यासारख्या दिसत होत्या. सर येताजाता त्यांच्यावरून नजर फिरवायचे आणि ग्रंथपालबाईंना म्हणायचे, "बांधणी बघा. तीन वर्षांत एक पान सुटलं नाही."

"हो सर," असं म्हणून ग्रंथपालबाई रजिस्टरमध्ये डोकं घालायच्या. वीस वर्षं नोकरी केलेल्या बाईला कुठे थांबावं हे कळतं.

येत्या शनिवारी पुस्तक निवड समिती बसणार होती. दुसऱ्या वर्षाला यापुढे एकच पाठ्यपुस्तक लावायचं, असं प्राचार्यांनी ठरवलं होतं. एकीकडे सरांचं पुस्तक आणि दुसरीकडे त्याच विभागातल्या मॅडमचं जुनं, अडीचशे पानांचं पुस्तक. प्रकाशकाने सरांना स्वच्छ शब्दांत कळवलं होतं, पुस्तक लागलं तर दुसरी आवृत्ती काढू, नाही तर गोदामातले गठ्ठे रद्दीत घालू. सरांनी त्या पुस्तकासाठी नऊ वर्षं घातली होती. त्या नऊ वर्षांत ते एका लग्नाला गेले नाहीत की कुठल्या बारशाला. 'रद्दी' हा शब्द त्यांनी तीनदा वाचला होता. पण घाबरतील तर ते सर कसले! दुसऱ्याच दिवशी त्यांना युक्ती सुचली.

मॅडमच्या पुस्तकाची अवस्था दारुण होती. पाठीला चिकटपट्टी, कोपऱ्यांना कुत्र्याचे कान, पानापानावर बोटांचे ठसे. सरांनी सोमवारी दोन्ही पुस्तकं प्रयोगशाळेत नेली. दोन्हींच्या शंभराव्या पानावरून ओला कापूस फिरवला, तो जिवाणू वाढवायच्या प्लेटवर ओढला आणि प्लेटा इनक्युबेटरमध्ये ठेवल्या. मंगळवारी दार उघडलं आणि सरांचा चेहरा उजळला. मॅडमच्या प्लेटवर जिवाणूंच्या वसाहतींची नुसती जत्रा भरली होती. पांढऱ्या, पिवळ्या, काही तर एकमेकींच्या अंगावर चढलेल्या. सरांच्या प्लेटवर एक ठिपका होता, तोही लाजून कडेला बसलेला.

सरांनी दोन्ही प्लेटांचे फोटो काढले आणि समितीच्या सगळ्या सदस्यांना पाठवले. खाली लिहिलं, 'विद्यार्थ्यांच्या हातात काय द्यायचं, हे विज्ञानालाच ठरवू द्या.'

संध्याकाळी जेवताना त्यांनी हा पराक्रम बायकोला सांगितला. बायको घरात शिवणवर्ग चालवायची. कापड असो वा माणूस, कुठे चुकलंय ते तिला एका नजरेत दिसायचं.

"म्हणजे मॅडमच्या पुस्तकाला खूप लोकांनी हात लावलाय," ती म्हणाली.

"अगं, किळसवाणं! तीनशेच्या वर वसाहती!"

"आणि तुमच्या पुस्तकाला कुणीच नाही."

सरांचा घास हातातच राहिला. नऊ वर्षं पुस्तक लिहिलं, तीन वर्षं मिरवलं आणि आता आपल्याच हाताने ते कुणी वाचत नसल्याचा पुरावा, फोटोसकट, अख्ख्या समितीला पाठवला होता.

"कुणाच्या लक्षात नाही यायचं," ते म्हणाले.

"माझ्या आलं की. आणि मी तर शिवण शिकवते."

बुधवारी प्राचार्यांनी त्यांना बोलावून घेतलं. प्राचार्य भलतेच खूश होते. "सर, काय कल्पना! पण एका पानावरून काय ठरतं? सगळ्या प्रती तपासू. शुक्रवारी मॅडम स्वतः नमुने घेतील, शनिवारी सगळ्यांसमोर निकाल. शास्त्र म्हणजे शास्त्र!"

"अगदी!" सर म्हणाले. दुसरं काय म्हणणार? आपल्याच पायावर धोंडा मारून घेतला, वर तो किती वजनदार आहे तेही सांगून झालं होतं.

पण सर हात टेकणाऱ्यांतले नव्हते. पुस्तकं वापरलेली दिसायला हवीत, तर ती वापरू या! शुक्रवार सकाळपर्यंत वेळ होता. त्याच संध्याकाळी त्यांनी आपल्या पुस्तकाच्या तीन प्रती घरी आणल्या. चौथी ग्रंथालयातच राहिली, कारण पिशवीत मावेना. आल्या आल्या त्यांनी बायकोला गळ घातली, "तुझ्या वर्गातल्या बारा जणींना फक्त पानं उलटायला सांग. वाचायची सक्ती नाही."

"माझ्या बायकांचे हात शिवायला आहेत, तुमच्या लबाडीला नाहीत," ती म्हणाली आणि मशीनकडे वळली.

मग सरांनी सासूबाईंना पकडलं. त्या मुलीकडे चार दिवस राहायला आल्या होत्या आणि जावयाच्या विद्वत्तेवर त्यांचा भारी विश्वास होता.

"आई, एवढं पुस्तक जरा चाळता का? सगळी पानं."

"चाळते की, जावईबापू. एवढं मोठं तुम्ही लिहिलंत, माझ्या हातून तेवढं तरी होईल." सासूबाई उठल्या, मोरीत गेल्या, साबणाने कोपरापर्यंत हात धुतले आणि स्वच्छ पंच्याला पुसून पुस्तक मांडीवर घेतलं.

"आई, हात धुवायची गरज नव्हती हो!"

"असं कसं? पुस्तकाला उष्टे-खरकटे हात लावायचे नसतात." दर पंधरा पानांनंतर त्या पुन्हा हात धुऊन येत होत्या. वर ओल्या फडक्याने मुखपृष्ठही पुसून काढलं. गुरुवारी रात्रीपर्यंत त्या मुखपृष्ठावर होतं नव्हतं तेही गेलं.

दुसरी प्रत मेहुण्याकडे गेली. तो जवळच राहायचा आणि त्याला काम नसल्याने वेळ भरपूर होता. "भावोजी, तुम्ही काळजीच करू नका. अख्खं वाचून काढतो," असं छातीठोकपणे सांगून तो आरामखुर्चीत बसला. दहा मिनिटांनी सर डोकावले, तर मेहुणा चौदाव्या पानावर गाल टेकवून घोरत होता. शुक्रवार उजाडेपर्यंत त्याने तीनदा सुरुवात केली आणि तिन्ही वेळा चौदाव्या पानावर त्याची गाडी रुळावरून घसरली.

तिसरी प्रत सरांनी स्वतः हाताळायला घेतली. सहाशे पानं, शेवटाकडून सुरुवातीकडे, दोन्ही अंगठे दाबून. पण तीस वर्षं प्रयोगशाळेत काढलेला माणूस तो! पुस्तक उघडण्याआधी हात आपोआप स्पिरिटच्या बाटलीकडे जायचा, पुस्तक मिटल्यावर पुन्हा जायचा. निम्मं पुस्तक झाल्यावर बायकोने विचारलं, "घरभर हा दवाखान्याचा वास कसला?" तेव्हा सरांना कळलं, की तीनशे पानं त्यांनी जवळजवळ निर्जंतुक करून ठेवली आहेत. त्यांनी बाटली कपाटात बंद केली आणि पाच मिनिटांनी किल्ली शोधायला लागले.

शुक्रवारी सकाळी प्रती परत गेल्या. मॅडमनी शांतपणे नमुने घेतले. प्रत्येक प्रतीत त्यांनी आधी दोन पानं निवडली, एक सुरुवातीचं आणि एक शंभरावं. मग पुस्तक उभं धरून हात सैल सोडला आणि ते आपोआप जिथे उघडलं, तिथला तिसरा नमुना घेतला. सर काचेच्या दारातून बघत होते. तिसऱ्या नमुन्याचं कारण विचारायला जायचं, तर अंगठे कुठे कुठे दाबले तेही सांगावं लागलं असतं.

शनिवारी समिती बसली. टेबलावर प्लेटा मांडल्या. मॅडमच्या पुस्तकाच्या सगळ्या प्लेटांवर दाटी होती, पान कुठलंही असो. सरांच्या प्लेटा बहुतेक कोऱ्या. एकीवर मात्र दाट थर होता.

"पान चौदा," मॅडम म्हणाल्या. "हे सगळे तोंडातले जिवाणू आहेत. सर, इथे कुणीतरी झोपलंय."

समितीत खसखस पिकली. सर छताकडे बघत राहिले. डोळ्यांसमोर गोदामातले गठ्ठे टेम्पोत चढत होते.

"पण मी बाजूला ठेवलेल्या या चार प्लेटा बघा," मॅडम पुढे म्हणाल्या. "सरांच्या चारही प्रती एकाच पानावर उघडल्या. पान दोनशे सात. इथे माझ्या पुस्तकापेक्षाही जास्त गर्दी आहे."

"काय आहे त्या पानावर?" प्राचार्यांनी विचारलं.

उत्तर प्रती घेऊन आलेल्या ग्रंथपालबाईंनी दिलं. आज त्यांना थांबायची गरज वाटली नाही. "तक्ता आहे, सर. जिवाणू कसा ओळखायचा त्याचा. रंग जांभळा आला तर डावीकडे जा, गुलाबी आला तर उजवीकडे, असं करत करत खाली नाव सापडतं. मुलं येतात, मॅडमचं पुस्तक वाचतात, मग सरांचं पुस्तक काढून तेवढं पान बघतात आणि ठेवून देतात. परीक्षेआधी तर रांग लागते."

"मीसुद्धा तेच पान वापरते," मॅडम म्हणाल्या. "इतका सोपा तक्ता मला अजून जमलेला नाही."

पंधरा मिनिटांत निर्णय झाला. पुस्तक मॅडमचं लागेल. नव्या आवृत्तीत हा तक्ता येईल आणि तसेच आणखी अकरा तक्ते, ज्याने हा केला त्याच्याकडून. पुस्तकावर दुसरं नाव त्याचं.

"म्हणजे सर, तुमचंच," प्राचार्य म्हणाले. "की तक्ता कुणाकडून करून घेतला होता?"

सगळे सरांकडे बघत होते. 'माझाच' एवढा एक शब्द पुरला असता. गोदामातले गठ्ठे गेले तरी नाव उरलं असतं. सरांना ती दुपार आठवली. धडा पाचव्यांदा लिहूनही कुणाला समजेना, तेव्हा तो घरात तोंडी समजावून ते वैतागून झोपले होते. उठून बघतात तर जेवणाच्या टेबलावर ब्लाउजचा कागद कापावा तसा आखलेला तक्ता तयार.

"माझ्या बायकोने," सर म्हणाले. नऊ वर्षांच्या पुस्तकाबद्दल त्यांनी बोललेलं हे सर्वांत छोटं वाक्य होतं आणि सर्वांना ते लगेच कळलं.

घरी आल्यावर त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. तिने मशीन थांबवलं आणि हातातली कात्री बाजूला ठेवली. डोळ्यांत पाणी आलं होतं, पण ते तिने धुळीच्या नावावर खपवलं.

"अकरा तक्ते?" ती म्हणाली. "ठीक आहे. पण मला तुमचा विषय येत नाही. तुम्ही सांगायचं, मला कळलं तरच मी आखणार."

"अगं, त्यात काय!" सरांचा आवाज पुन्हा पहिल्यासारखा झाला. त्यांनी आपलं पुस्तक उघडलं, पाचवा धडा काढला आणि पहिलं वाक्य मोठ्याने वाचलं. ते चार ओळींचं होतं.

"थांबा," ती म्हणाली. "नाही कळलं."

सरांनी खिशातून पेन काढलं आणि त्या चार ओळींवर एक आडवी रेघ मारली.