राजसाऊसाहेबांनी पहिला लोलक कातला त्याची हकीकत

श्रीगजानन प्रसन्न. ओबडधोबड ओंडक्यात ज्यास कळी दिसते त्या डोळ्यांस, आणि कळी दिसताच जो थांबतो त्या हातास आधी नमन करोन ही हकीकत लिहिली जाते. शके सोळाशे ऐंशी, बहुधान्यनाम संवत्सरे, आश्विन मासी वर्तमान वर्तले ते ऐसे. राज्याचे नाव लिहू नये अशी दरबारची ताकीद, सबब लिहिले नाही; दोन डोंगर, एक खाडी, तीनशे उंबरे आणि पांगाऱ्याचे दाट रान इतके सांगितले म्हणजे पुरे. त्या राज्यात चाल ऐसी की, वसुबारसेचे सांजेस राजवाड्याचे पटांगणात आंब्याची थोर डहाळी रोवावी, आणि घरोघरच्या माणसांनी चरकावर लाकूड फिरवोन कातलेले लोलक, कोणी कळी, कोणी थेंब, कोणी भोवरा, लाखेने रंगवोन तीवर टांगावे, आणि मग दिवाळी लागली म्हणावे. त्यातही त्या वर्षी राजवाड्यात पाळणा हलला असेल तर पहिला लोलक त्या लेकराचे आईने चढवावा, तो तिने स्वहस्ते कातलेला असावा, आणि तो चढल्याखेरीज बाकीच्यांनी हात वर करू नये.

त्या वर्षी पाळणा हलला होता. राज्य महाराजांचे म्हणावे तर महाराज मोहिमेवर, सबब हुकमत सारी धाकट्या बाईसाहेब बकुळाबाई, उमर मास नऊ, यांची चाले. त्या निजल्या म्हणजे राज्याने कुजबुजावे, उठल्या म्हणजे राज्याने धावावे, आणि त्यांस दात येऊ लागल्यापासोन तर कोणाचीच झोप कोणाची राहिली नव्हती. त्यांच्या आई राजसाऊसाहेब, वय वर्षे एकवीस, माहेर खाडीपलीकडले, मिठागरांचे. तेथे चरक कोणी डोळ्यांनी पाहिला नव्हता. दसरा उलटला आणि आऊसाहेबांस कोणी चालीची आठवण दिली, तेव्हा त्यांनी बोटांवर दिवस मोजिले ते सत्रा भरले, आणि त्यातून लेकीच्या दुपारच्या झोपा तेवढ्या आपल्या, म्हणजे रोजच्या दोन घटका. इतक्या भांडवलावर मोहीम उघडली.

उस्ताद म्हणोन सोमशेट कातारी यांस बोलावणे गेले. शेटजी साठीचे, बोलणे थोडे, हातांस कायमचा लाखेचा तांबूस रंग. त्यांनी मागील पडवीत चरक मांडिला आणि रीत सांगितली ती ऐसी, की दोन खुंटांमध्ये लाकडाचा तुकडा अडकवावा, त्यास दोरीचे दोन फेरे द्यावे, एकाने दोरीची दोन्ही टोके आळीपाळीने ओढावी, मग लाकूड एकदा आपल्याकडे फिरे आणि एकदा पलीकडे. आपल्याकडे फिरे तेव्हा पटाशी पुढल्या आडव्या दांडीवर टेकवून लावावी, पलीकडे फिरे तेव्हा उचलावी. लाकूड सुकलेले घ्यावे, पदर खोचावा, फिरत्या लाकडाचे समोर तोंड नेऊ नये, आणि दोऱ्याचे भोक ओंडका जाड आहे तोवरच पाडोन घ्यावे, घाट मागून. आऊसाहेबांनी पदर खोचला. हिरवा चुडा उतरवणे रीतीस धरून नव्हते, म्हणोन बांगड्या कोपराकडे सारोन वर फडके आवळले, आणि दोरी शेटजींनी खासा आपले हाती घेतली.

पहिले दिवशी आऊसाहेबांनी पटाशी लावली ती उचललीच नाही. लाकूड उलटे फिरले, पटाशी हातातून सुटली ती थेट फळीवरल्या लोणच्याचे बरणीवर गेली, आणि बरणी फुटोन कामास आली. त्या आवाजाने धाकट्या बाईसाहेब जाग्या जाहल्या, आणि त्या दिवसापुरती लढाई तेथेच राहिली. दुसरे दिवशी भिऊन पटाशी इतकी हलकी धरिली की लाकडास नुसती गुदगुली जाहली. तिसरे दिवशी राग येऊन इतकी दाबली की अंड्याएवढे लाकूड वालाचे दाण्याएवढे उरले, आणि शेटजींनी तो दाणा तळहाती घेऊन फार गंभीरपणे विचारले, की आऊसाहेब, हे पेरायचे की टांगायचे? ऐसे करिता करिता नऊ तुकडे पडले, आणि पडवीत कीस इतका साचला की मांजराने त्यात घर केले.

या साऱ्यावर देखरेख थोरल्या मातुश्री सगुणाबाईसाहेब यांची. त्या आऊसाहेबांच्या सासूबाई, बोलण्यास तिखट, मनात काय ते समजणे कठीण. लेकरू खोलीत निजेना म्हणोन त्यांनी पाळणाच पडवीत आणवला आणि आपण दोरी धरोन बसल्या, तोंडाने चालूच की, आमची सूनबाई दिवाळीपर्यंत रान उजाड करणार, पुढले वर्षी चुलीस काय घालावे. आऊसाहेब ऐकून घेत. परंतु दहावे दिवशी काय जाहले, की मातुश्री पाळणा ओढीत होत्या, शेटजी चरक ओढीत होते, आणि दोन्ही दोऱ्यांचा ताल एकच पडला. आऊसाहेबांनी नऊ महिने रात्रंदिवस तीच दोरी ओढलेली, तो ताल त्यांच्या खांद्यात मुरला होता. आली की लाव, गेली की उचल. हाताने आपोआप तेच केले, आणि पटाशीखालोन कीस तुटक न पडता लांबच लांब, शेवयांसारखा, सळसळत निघाला. शेटजी दोरी जराशी जोरात ओढू लागले. धाकट्या बाईसाहेबांसही ती घरघर इतकी रुचली की चरक थांबला की त्या कुरकुर करीत. मग काय विचारता. रोज दोन घटका होत्या त्याच्या तीन जाहल्या.

वसुबारसेचे दिवशी दुपारी शेवटचा तुकडा चढविला. त्यातून आऊसाहेबांनी कळी काढिली, खाली टपोरी, वर मान भाताचे काडीएवढी बारीक. फिरत्या लाकडावर लाखेची कांडी धरिली तशी लाख तापून वितळली आणि अंगभर बसली, वरून केवड्याचे पान घासले तशी कळीस झळाळी आली, की त्यात पडवीचे खांब दिसावे. मग टोकाशी पटाशी लावोन ती सोडवून घेतली, आणि लेकीचे डोळ्यांपुढे धरिली, आणि लेकीने दोन्ही हात पसरले. मग आऊसाहेबांनी दोरा मागितला. शेटजींनी दोरा दिला, आणि दोघे एकमेकांकडे पाहत राहिले. शेटजी समजले होते की भोक आऊसाहेबांनी आदले दिवशी पाडले, आणि आऊसाहेब समजल्या होत्या की शेटजींनी. कळीस भोक नव्हते. आता भोक पाडण्यास सामता लावावा तर मान चिरफळणार, दुसरी कातावी तर सूर्य मावळण्यास दोन घटका उरल्या, आणि बाहेर पटांगणात तीनशे घरे लोलक घेऊन जमू लागली.

शेटजी पाठमोरे जाहले, आपले थैलीतून एक लोलक काढोन मुकाट्याने चौरंगावर ठेविला. भोक, दोरा, सर्व जागचे जागी, आणि घाट असा की पाहत राहावे. आऊसाहेबांनी तो पाहिला मात्र, हात लाविला नाही. तेव्हा मातुश्रींनी पाळण्याची दोरी सोडिली आणि जवळ येऊन हळूच बोलल्या.

"घे तो. मीही घेतला होता. महाराज पाळण्यात होते तेव्हाचा माझा लोलक या सोमशेटच्या बापाने कातला, आणि कोणी विचारले नाही."

"महाराजांनीही नाही?"

मातुश्रींनी पाळण्याकडे पाहिले. "सात वर्षांचा असताना विचारले होते, आई, हा तू केलास?"

"मग आपण काय म्हणालात?"

"काय म्हणणार. लाडू दिला हातात."

आऊसाहेबांस हसू आले, आणि डोळ्यांत पाणीही आले, परंतु त्या बोलल्या, "मातुश्री, उद्या बकू मला हेच विचारील. तेव्हा मला तिच्याकडे बघून हो म्हणायचे आहे." इतके बोलोन लेकीस कडेवर घेतले, बिनभोकाची कळी उजवे हाती घेतली, आणि पटांगणात चालत्या जाहल्या.

नौबत वाजली. आऊसाहेब डहाळीपाशी गेल्या, हात उंच केला, आणि कळीची मान दोन बोटांत धरोन एका फांदीस टेकविली. लोक वाट पाहू लागले की आता गाठ मारतील, मग हात काढतील. हात निघेना. कुजबूज उठली. तेव्हा आऊसाहेब मोठ्याने बोलल्या, "याला भोक पाडायचे राहिले. कातला मात्र मीच. तुम्ही आपापले टांगा, तोवर मी धरून उभी राहते."

आता हा चढला म्हणावा की न म्हणावा, हा मोठाच पेच पडला. कोणी म्हणे गाठीवाचून चढणे कसले, कोणी म्हणे सूर्य चालला, काय ते लवकर ठरवा. तेव्हा मागून मातुश्री पुढे आल्या आणि सर्वांस ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "दोरा सुताचाच पाहिजे असे कोणी सांगितले आहे काय? तिचा हात दिसत नाही? चला, टांगा, पोरगी अवघडेल." ऐसे म्हणताच तीनशे घरे एकदम डहाळीवर चालोन गेली. एरवी ज्या फांदीसाठी दोन दोन घटका वाद व्हावे, ती कोणीही कोणास देऊ लागले, म्हाताऱ्या म्हणू लागल्या की आधी तुझा लाव बाई, आऊसाहेबांचा हात बघ केव्हाचा वर आहे. एका कडेवर नऊ महिन्यांची हुकमत, दुसरा हात आभाळात, खांद्यात कळ, कपाळी घाम. शंभर जाहले, दोनशे जाहले, हात खाली येऊ लागला. तेव्हा कोणी कोपरास खालून तळवा लाविला. आऊसाहेबांनी मागे वळोन पाहिले नाही, तळव्यावरोनच ओळखिले. त्या तळव्यावर हाताचा भार टाकिला आणि उभ्या राहिल्या, तो शेवटचे घराचा लोलक चढला आणि सूर्य खाडीत गेला.

मातुश्री कानाशी म्हणाल्या, "घे आता हात खाली, राजस. महाराज आले की मला त्यांना एक गोष्ट सांगायची आहे. तू जवळ अस."

येणेप्रमाणे शके सोळाशे ऐंशीचे वसुबारसेस लोलक तीनशे एक चढले, त्यापैकी तीनशे दोऱ्याने आणि एक हाताने. तुकडे जाया नऊ, बरणी एक, माणसास इजा नाही. कळी उतरताच धाकट्या बाईसाहेबांनी ती तोंडात घातली आणि तीवर दोन दातांची मोहर उमटविली, ती अद्याप आहे. जे ऐकिले ते लिहिले, अधिक उणे वाचणाराने प्रेमाने सांभाळोन घ्यावे. इति.