पालिसच्या कापडाची गोधडी

कमलाबाईंना सुईत दोरा ओवता येईनासा झालाय, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त कमलाबाईंना. हल्ली दोराच धड येत नाही, असं त्या म्हणायच्या. सुईचं नेढंही मेले मुद्दाम बारीक करतात, असंही म्हणायच्या. डोळ्यांबद्दल मात्र चकार शब्द नाही.

त्यांचे यजमान काशिनाथराव गेल्याला वर्ष होत आलं होतं. वर्षश्राद्धाच्या आत त्यांच्या धोतरांची गोधडी शिवायची आणि ती पांघरून झोपायचं, एवढा एकच हट्ट त्या धरून बसल्या होत्या. आता गोधडी म्हटली की वरून जुनं, मऊ पडलेलं लुगडं लावायचं, हे बऱ्हाणपुरात शेंबड्या पोरालाही कळतं. पण त्यांचा मुलगा महेश कापडाच्या कारखान्यात कामाला. त्याला बापाच्या प्रेमाचा उमाळा आला आणि तो पॉलिश केलेलं, चकचकीत, नवंकोरं सुती कापड घेऊन आला.

"बाबांची गोधडी आहे, आई. वरून एकदम भारी दिसली पाहिजे."

"नव्या, पालिसच्या कापडाची गोधडी कोनी शिवते का रे, येड्या?" असं म्हणत कमलाबाईंनी ते उन्हात धरलं आणि तसंच धरून ठेवलं. कापड लखलखत होतं. कित्येक महिन्यांत त्यांना नीट दिसलेली ती पहिलीच वस्तू होती. "राहू दे," त्या म्हणाल्या. "यांना पन आवडलं असतं."

सुईत दोरा ओवून द्यायची सून, प्रियंका. पहिल्याच दिवशीचे टाके तिनं बघितले. केळीच्या बागेत रानडुक्कर शिरावं तशी रांग वाट्टेल तिकडे गेली होती. सासूबाईंना कळलं तर हाय खातील. म्हणून दुपारी त्यांचा डोळा लागल्यावर तिनं रांग हळूच उसवली आणि स्वतः शिवून टाकली. दया आली ना माणसाला, की तिथूनच घोळ सुरू होतो.

संध्याकाळी कमलाबाईंनी टाक्यांवरून बोट फिरवलं. "बघ वं प्रियंका! दोरीत, सरळ हाय की नाय?"

"एकदम, आई."

झालं! त्या आठवड्यात महेशनं डोळ्यांच्या शिबिरात आईचं नाव दिलं होतं. मोतीबिंदू पिकला होता. कमलाबाईंनी त्याच्यापुढे गोधडीच आपटली.

"हा आंधळ्या बाईचा टाका हाय का? सांग! कशाला पायजे आपरेशन-बिपरेशन? तुझे बाबा पाय मुरगळला म्हनून गेले दवाखान्यात. चालत गेले. आले कसे?"

शिबिर होऊन गेलं. महेशनं आत जाऊन बायकोला धारेवर धरलं. "तू हे बंद कर ना. तुझ्यामुळे ती मानत नाही."

"कसं बंद करू? रोज बोट फिरवतात. आज वाकडं लागलं तर काय सांगू, रात में बिल्ली आके सी गई?"

तर ते चालूच राहिलं. बाईंना हिंमत आली. त्या दुप्पट शिवू लागल्या आणि प्रियंका दुप्पट उसवू लागली. एकट्या बाहेर पडू लागल्या. एकदा तर गल्लीत वाटेत उभ्या असलेल्या म्हशीला "सरका वो बाई" म्हणाल्या आणि ती सरकेना म्हणून तिच्याशी भांडल्या. गल्ली हसली. प्रियंका मात्र घरात येऊन रडली.

मग एका सकाळी कमलाबाईंनी शेजारच्या आशाबाईंना बोलावलं आणि गोधडी खाटेवर पसरली. "घे, बघ म्हतारीचा हात!"

आशाबाई वाकल्या. "टाके हायेत वं. पन बाजूनं ही भोकं कशाची?"

"कसली भोकं?"

"ही काय! रांगच्या रांग हाय. टाक्याची एक आन भोकाची एक."

जुन्या लुगड्यावर टाका उसवला की एका धुण्यात माग मिटतो. पॉलिशचं कापड ताठ. त्यात सुई एकदा गेली की भोक कायमचं राहतं. हे कारखान्यात काम करणाऱ्या महेशला माहीत असायला हवं होतं, पण आमच्याकडे ज्याचं त्याला कधी माहीत असतं?

कमलाबाईंनी नखानं चाचपलं. भोकाभोकावरून नख खडखडत गेलं. डावीकडे गेलं, वर चढलं, भलतीकडेच वळलं आणि शेवटी कापडाच्या काठावरून खाली उतरलं. त्यांनी दुसरी रांग चाचपली, मग तिसरी. दारात प्रियंका खांबासारखी उभी होती. आशाबाई घरी गेल्या.

"इतकं वाकडं?" कमलाबाईंनी विचारलं.

प्रियंका येऊन खाटेवर त्यांच्याजवळ बसली.

"महेशला सांग, पुढच्या शिबिरात नाव दे म्हना." मग बारीक आवाजात त्या म्हणाल्या, "मला लई भीती वाटते वं."

"मी येते ना, आई. हात सोडणार नाही."

ऑपरेशन झालं. कमलाबाई चालत गेल्या आणि चालतच आल्या. काळा चष्मा उतरवायची परवानगी मिळाली त्या दिवशी त्यांनी सगळ्यात आधी गोधडी मागितली. आपली भोकं बघून त्या इतक्या हसल्या की डोळ्यांना पाणी आलं. वर्षभरात त्यांना असं हसताना कोणी पाहिलं नव्हतं. मग त्यांनी टाके बघितले आणि हसू थांबलं.

"आन हे?"

"हे माझे," प्रियंका लाजत म्हणाली.

"हे सरळ हाय?"

"तुम्हीच तर म्हणत होत्या! रोज!"

कमलाबाईंनी सुनेकडे बघितलं, टाक्यांकडे बघितलं. त्यातला एकही टाका दुसऱ्याच्या ओळखीचा वाटत नव्हता.

"उसवू का?" प्रियंकानं रडवेल्या तोंडानं विचारलं.

"नको. अजून भोकं कशाला?"

दुपारी त्या अखेर गोधडी पांघरून आडव्या झाल्या. कापड गुळगुळीत, कूस बदलली की सुळकन खाली. प्रियंकानं ती उचलून घातली, पुन्हा घसरली. कडा खोचल्या, तरी घसरली.

"राहू दे वं, पडू दे," कमलाबाई भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या. "जिवंतपनी तरी हे कुठं जवळ टिकत होते?"