लाग्रतमवाले गोविंदमास्तर

दोन लाग्रतमं मधे अधिकचं चिन्ह घेऊन सुटी उभी दिसली की गोविंदमास्तरांना चैन पडत नसे. जुन्नरच्या शाळेत ते गणित शिकवत, मी मराठी. मोठाले गुणाकार बेरजेवर आणणारी ही ‘लॉगॅरिदम’ची इंग्रजी विद्या पोरांना काट्यासारखी टोचे. मास्तरांना मात्र ती खव्यासारखी लागे.

“आधी पुढचा आकडा डोक्यावर चढवा! मग अधिक असेल तिथं गुणा, उणे असेल तिथं भागा, आणि सगळ्यांचं मिळून एक लाग्रतम करा!” हे त्यांचं पालुपद.

एकदा बाजारात निरगुडसरच्या एका शेतकऱ्यानं सहज विचारलं, “काय मास्तर, कसला इचार?” मास्तरांनी कोळसा उचलून त्याच्या पोत्यावरच मांडलं. दोन लाग्रतम तीन, अधिक लाग्रतम चार, उणे लाग्रतम सहा. “दोन चढला तीनच्या डोक्यावर, तीनचा वर्ग नऊ, नऊ चोक छत्तीस, भागिले सहा. झालं की नाही एकच? लाग्रतम सहा!”

“लई ग्वाड सांगता राव,” तो म्हणाला, “पर माझं पोतं काळं केलंत की!”

संध्याकाळी मास्तरांच्या ओट्यावर आम्ही चौघे जमत असू. मास्तर खुंटीला फळा टांगून उदाहरणं सोडवत आणि शेजारचे तात्या सुपारी कातरत ऐकत.

मास्तरांची धाकटी बहीण यमूताई लहानपणीच विधवा होऊन त्यांच्याकडे आली होती. ती माणसांत कधी येत नसे. एके संध्याकाळी दाराआडून तिचा आवाज आला, “दादा, लाग्रतमांचे पाये वेगवेगळे असले तर? एकाचा दोन, दुसऱ्याचा दहा?”

तात्यांचा अडकित्ता थांबला. “गोविंदा, चारचौघांत बाईमाणसानं बोलायचं? आणि तेही हिनं?”

मास्तर आनंदानं फुलून गेले होते. “तात्या, इतकी वर्षं शिकवतोय. हा प्रश्न मला एकाही पोरानं विचारला नाही हो!”

त्यांनी खुंटीवरून फळा काढला आणि आमच्याकडे पाठ करून दाराकडे तोंड करून ठेवला. तात्या उठले. त्यांच्यामागे बाकीचे दोघेही गेले.

“यमू, बाहेर ये. आधी सगळ्यांना एका पायावर आणायचं. कसं, ते बघ.”

ती उंबरठ्यावर येऊन बसली. पदर घट्ट ओढलेला, नजर फळ्यावर. मास्तरांनी एक उदाहरण सोडवलं, दुसरं मांडलं, आणि खडू तिच्यापुढे धरला.

“आता तू.”

“दादा, लोक काय म्हणतील?”

“म्हणू देत. तू लिही.”

तिनं खडू घेतला. पहिला आकडा काढायला तिला फार वेळ लागला. एरवी वर्गात पोरगं अडलं की ओरडणारे मास्तर फळा हलू नये म्हणून तो धरून उभे राहिले. मीही उठून गेलो नाही.