तपासणीच्या दिवशी सबनीसकाका

आधीच माफी मागतो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. कुणाच्या स्वभावावर लिहायचा मला काय अधिकार, असं अजूनही वाटतं. त्यात सबनीसकाका म्हणजे मुंबईतले मुरलेले वकील. पण त्यांच्याबद्दल गप्प बसवत नाही.

काका हॉटेलात शिरले की मेन्यू पाहत नाहीत, भिंती पाहतात. लायसन्स कुठे टांगलंय ते सापडेपर्यंत बसत नाहीत. इथे जपानात, इचिकावात एका रामेन-नूडल्सवाल्याकडे तर ते थेट गल्ल्यामागे गेले. तिथलं जपानी मला वाचायला लावलं आणि मुदत शिल्लक आहे हे ऐकल्यावरच खुर्ची ओढली. रामेनवाला बिचारा आम्हाला सरकारी माणसं समजून वाकत राहिला.

उभी हयात त्यांनी हॉटेलं, बार आणि परमिट रूमच्या परवान्यांसाठी भांडण्यात घालवली. "पान देवाच्या इच्छेने हलतं, ज्युनिअर, दुकान लायसन्सनेच उघडतं!" ज्युनिअर म्हणजे मी. मी इथे शिकतो रसायनशास्त्र, पण काका मुलीकडे राहायला आले, शेजारी म्हणून मी त्यांचा दुभाषा झालो आणि काकांनी परस्पर माझी शाखा बदलली.

त्यांची मुलगी मधुराताई. ती तोयोसूतली आयटीची नोकरी सोडून स्टेशनजवळ मिसळीचं छोटं दुकान काढत होती. आराखडा दाखवायला आरोग्य खात्याच्या कचेरीत तिच्याबरोबर काकाही आले, मीही.

"हात धुवायला वेगळं बेसिन लागेल," अधिकारी म्हणाला.

झालं! काका कोर्टात उठतात तसे उठले. "दोन सिंक असताना तिसरं कशाला? कायद्याचा हेतू बघा!"

ते उभे म्हणून अधिकारीही अदबीने उभा राहिला. कुणीच बसेना. मधे मी घाम पुसत भाषांतर करतोय. शेवटी अधिकारी नम्रपणे म्हणाला, "मग आम्ही सगळा आराखडाच पुन्हा अभ्यासतो."

दुकान लांबलं ते लांबलंच, शिवाय बेसिनही बसवावं लागलं.

"बाबा, तपासणीला तुम्ही येऊ नका," ताईने बजावलं. "आता नापास झालं तर मालक थांबणार नाही. जागा जाईल."

तपासणी चालू होती त्या दुपारी काका माझ्याबरोबर नदीकाठी होते. बसतील तर शपथ! बाकावरून उठायचे, पुलापर्यंत जायचे, परत यायचे.

"इथे समोरचा भांडतच नाही रे! वकिलाने करायचं काय?"

मग एकदम थांबले. "तिचा दहावीचा निकाल लागला तेव्हा मी कुणाच्या तरी बारच्या सुनावणीत होतो. आयुष्यात एकदाच तिच्यासाठी उभा राहिलो, तर तिचंच नुकसान केलं."

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला, ताईचा. त्यांनी तो माझ्या हातात कोंबला. "तू घे. मला ऐकवणार नाही."

मी ऐकलं. "काका, पास झालं."

ते पाण्याकडे तोंड करून उभे राहिले. तोंड न वळवताच विचारलं, "माझ्याबद्दल काही म्हणाली?"

"म्हणाली, बाबांनी सकाळपासून काही खाल्लं नसेल. त्यांना घेऊन ये."