पान दुमडायचं नाही

"आज संध्याकाळभर मी तोंड उघडणार नाही," गाडी पार्क करता करता संजनाच्या बाबांनी जाहीर केलं. "ऑर्डर तू द्यायची, वेटरशी तू बोलायचं, काकांना हवं-नको तू बघायचं. काका पोटभर जेवून खूश झाले, तर जा तुझ्या खोर फक्कानला."

संजनाला वाटलं, एवढंच? खोर फक्कानची शाळेची ट्रिप म्हणजे समुद्र, कयाकची होडी, तंबूत मुक्काम आणि सगळ्या मैत्रिणी. बाबांचं म्हणणं असं, की जी मुलगी हॉटेलात पाणी मागायला आईला कोपराने ढोसते, तिला समुद्रात कशी सोडायची? पण ते गेल्या वर्षी. यंदा वादविवाद स्पर्धेत तिने बारावीच्या एका मुलाला गप्प केलं होतं. तेव्हापासून ती लिफ्टमध्ये अनोळखी माणसांनासुद्धा "विच फ्लोअर?" विचारून स्वतः बटण दाबत होती.

सोमनाथकाका बाबांचे थोरले चुलतभाऊ. रास अल खैमाच्या टाइल्स फॅक्टरीत कामाला. सुट्टी म्हणून बसने अल बर्शाला, यांच्या घरी आले होते. "मेसमधलं जेवून तोंडाला चव नाही राहिली," असं ते फोनवर म्हणाले काय, आणि संजनाने घराजवळचं मलेशियन हॉटेल शोधून काढलं. केळीच्या पानावर जेवण! कोकणातल्या माणसाला आणखी काय हवं?

"मी व्हिडिओ बघून आलेय," बसल्याबसल्या तिने सगळ्यांना सांगून टाकलं. "इकडे पानाचे रूल्स असतात. हाताने खायचं. आणि मोस्ट इम्पॉर्टंट, पान दुमडायचं नाही. ते लोक मयताच्या जेवणाला दुमडतात. अशुभ असतं."

"अरे बापरे," म्हणत काकांनी पानाच्या कडेवरचा हातसुद्धा मागे घेतला.

व्हिडिओत त्यापुढेही काहीतरी होतं. पण तेवढ्यात मैत्रिणीचा फोन आला होता.

डोक्याला जांभळा स्कार्फ बांधलेल्या, हसऱ्या आँटी वाढायला आल्या. गरम भात, कोबी, भोपळा, काकडीची कोशिंबीर, पापड, तळलेल्या कारल्याचे काप, आणि वर माशाची लालभडक कढी. पहिल्या घासाला काकांनी डोळे मिटले. बाबांनी न बोलता मान डोलावली. संजना मनातल्या मनात तंबूत झोपून आली.

आता, यांच्या घरात एक नियम होता. पानात काही टाकायचं नाही. बाबा शीत न् शीत पुसून खायचे आणि इतरांना खायला लावायचे. त्यामुळे पंधरा मिनिटांत काकांचं, बाबांचं आणि संजनाचं पान लख्ख झालं. ते बघून आँटी लगबगीने आल्या आणि तिन्ही पानांवर भाताचा डोंगर ठेवून गेल्या.

"वा, आग्रह करतात हो," काका म्हणाले.

दुसरा डोंगर संपला. तिसरा आला.

"नो थँक्यू आँटी, इनफ," संजना आवाज चढवून, अगदी स्पर्धेतल्यासारखं म्हणाली.

"लिटिल, लिटिल," आँटी हसल्या आणि पळीभर कढी वर ओतून गेल्या.

काकांनी शर्टाचं खालचं बटण काढलं. बाबांच्या कपाळावर एसीतही घाम आला. पण काका जेवतायत तोवर यजमानाने हात कसा धुवायचा? आणि यजमान जेवतोय तोवर पाहुण्याने कसं उठायचं? जेवण आवडलं नाही असं व्हायला नको. दोघं चुलतभाऊ एकमेकांकडे बघत, एकमेकांसाठी, भात गिळत होते.

"नागेश, तू आरामात जेव हां, माझी घाई नाही," काका धापा टाकत म्हणाले.

बाबांनी तोंड न उघडता पुढे हात केला. तुम्ही जेवा.

"संजू," काकांनी हळूच विचारलं, "हे थांबतात कधी गं?"

"काका, इट्स अनलिमिटेड," संजना म्हणाली. तिला स्वतःलाच ते ऐकून भीती वाटली. काका आजारी पडले तर खोर फक्कान खलास. काहीतरी करायला हवं होतं, आणि पटकन.

तेवढ्यात तिचं लक्ष आईकडे गेलं. ममताताई निवांत बसून टिशूने बोटं पुसत होत्या. त्यांच्या पुढ्यात भात नव्हता. पहिल्या वाढपानंतर आँटी त्यांच्याकडे फिरकल्याच नव्हत्या.

काकांना हवं-नको बघता बघता आईकडे दुर्लक्ष? संजनाने उभं राहून सगळ्या हॉटेलला दिसेल असा हात वर केला.

"एक्सक्यूज मी आँटी! यू आर नॉट सर्व्हिंग माय मदर."

"संजू, बस खाली," आई दबक्या आवाजात म्हणाली.

"नाही आई, दिस इज नॉट फेअर. सगळ्यांना तीनदा आणि तुला एकदाच?"

"मला नकोय गं. गप्प बस."

आँटी धावत आल्या. संजनाने बोट दाखवलं, आँटींनी आईच्या पुढ्यात बघितलं आणि त्यांचा चेहरा खुलला. "युअर मम्मी क्लोज द लीफ. क्लोज लाइक धिस, टुवर्ड्स यू, मीन्स व्हेरी टेस्टी, इनफ. अवे फ्रॉम यू, दॅट वन फॉर फ्युनरल. यू ऑल नॉट क्लोज, सो आय गिव्ह, गिव्ह, गिव्ह."

सगळ्यांनी आईचं पान पाहिलं. मधोमध, स्वतःकडे, नीट घडी घातलेलं.

"ममता, तुला माहीत होतं?" काकांनी विचारलं.

"नाही हो भाऊजी." आईचा चेहरा पडला. "मला कारलं जात नाही. टाकलेलं यांना दिसू नये म्हणून झाकलं."

सतरा वर्षांच्या संसारात या घरात पानात काही टाकलं गेलं नव्हतं. निदान बाबांची तशी समजूत होती. ते आईच्या पानाकडे बघत राहिले आणि अखेर त्यांनी तोंड उघडलं.

"सगळी कारली?"

"सगळी."

बाबांनी आपल्या पानावरच्या तिसऱ्या डोंगराकडे पाहिलं. मग दोन्ही हातांनी पानाची वरची कड धरली आणि भातावरून, कढीवरून, सगळ्यावरून सावकाश आपल्याकडे ओढून घेतली. ती खाली टेकायच्या आत काकांचं पानही मिटलं होतं.

"सॉरी बाबा," संजना म्हणाली. "मी व्हिडिओ अर्धाच बघितला." मग जरा थांबून ती म्हणाली, "पण तुम्ही बोललात. संध्याकाळभर तोंड उघडणार नव्हतात."

बाबा काहीतरी म्हणणार होते, पण पोटात जागा नव्हती.

"काका, तुम्ही सांगा. पोटभर जेवलात ना? खूश आहात ना?"

"पोरी," काका म्हणाले, "आधी मला उठायला हात दे. पाठव रे नागेश हिला. आईला वाढत नाहीत म्हणून अख्ख्या हॉटेलसमोर उभी राहिली. ही समुद्रालासुद्धा गप्प करेल."

एका वेळी तीन पानं मिटलेली पाहून आँटी इतक्या खूश झाल्या, की हॉटेलकडून चार वाट्या गोड पायसम घेऊन आल्या. वाट्या दुमडता येत नव्हत्या.

"जा," गाडीपाशी पोचल्यावर पट्टा सैल करत बाबा म्हणाले. "पण त्या कयाकचा व्हिडिओ आधी नीट बघ."

"तो तर मी कालच बघितला," संजना आनंदाने म्हणाली.

आणि ते खरंच होतं. कयाकमध्ये बसायचं कसं, इथपर्यंत.