मिराशी हरता हरेना!

"माझ्याशिवाय हा सिनेमा होणंच शक्य नाही!" शैलेंद्र मिराशीनं शनिवारी सकाळी नाश्त्याच्या टेबलावर जाहीर केलं. समोर बिटाचा रस होता. पोहे त्यानं तीन वर्षांपूर्वीच सोडले होते.

"कोण म्हणालं?" अनघानं विचारलं. अनघा म्हणजे त्याची बायको. पोहे तिनं सोडले नव्हते.

"खुद्द दिग्दर्शिका! कॅनडाहून आलीय. अख्खा सिनेमा धावण्यावर आहे. शेवटच्या शर्यतीत हिरोच्या बरोबरीनं कोण धावणार? मी!"

शैलेंद्र अठ्ठेचाळीस वर्षांचा. सिंगापूरला, रॅफल्स प्लेसच्या एका बँकेत होता. तिथे त्याचं काम एकच: बाकीच्यांनी नियम नीट वाचलेत की नाही ते बघणं. तीन वर्षांपूर्वी डॉक्टर त्याला म्हणाले, "जरा चालत जा." हा धावतच सुटला! तेव्हापासून त्यांच्या बुकित पंजांगच्या फ्लॅटमध्ये बुटांचे अकरा जोड झाले होते, मोजे वजनकाट्यावर चढत होते आणि घड्याळ आंघोळीलासुद्धा उतरत नव्हतं. दर रविवारी कुठली ना कुठली शर्यत असायचीच आणि दर रविवारी हा अठराशेवा यायचा. धावणारेही अठराशेच असायचे! त्याच्या मागे शर्यतीची ॲम्ब्युलन्स तेवढी असे.

असल्या माणसाला सिनेमात बोलावणं आलं म्हणजे काय झालं असेल, विचार करा. ऑफिसला सांगून झालं. पुण्याला आईला सांगून झालं. मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर त्यानं नवे बूट घातलेला फोटो टाकला. खाली लिहिलं, "लवकरच, मोठ्या पडद्यावर!"

आता खरी गोष्ट सांगतो. सिनेमा कॅनडाचाच होता, पण अगदी घरगुती. दिग्दर्शिका मार्गो गेली सहा वर्षं तो जमेल तसा पुरा करत होती. हिरो डग्लस हा तिचा नवरा, व्यवसायानं दातांचा डॉक्टर. सिनेमात एक पोस्टमन धावण्याच्या नादापायी घरदार विसरतो आणि शेवटची शर्यत धावायला थेट सिंगापूरला येतो. सिंगापूरलाच का? तर मार्गोची बहीण बेकी जुरोंग ईस्टला राहते आणि तिच्याकडे एक खोली रिकामी होती!

मार्गोनं शैलेंद्रला तीन पानी ईमेल पाठवली होती. जगाला तळटिपेपर्यंत वाचायला लावणाऱ्या या माणसानं त्यातलं फक्त "बूट कोणते घालावेत" एवढंच वाचलं.

रविवारी सकाळी सातला जुरोंगच्या तळ्याकाठी मंडळी जमली. शैलेंद्र आला, अनघा आली आणि मंडळाच्या ग्रुपला व्हिडिओ पाठवायला म्हणून त्यांची पंधरा वर्षांची मुलगी कादंबरीही आली. कॅमेरा होता सामान वाहायच्या तीनचाकी सायकलवर. मागच्या खोक्यात मार्गो मागे तोंड करून, मांडीवर कॅमेरा घेऊन बसली. बेकी पॅडल मारणार. परवानगी दहापर्यंत. दहा म्हणजे दहा, बागेचा माणूस घड्याळ बघत उभाच होता.

"ॲक्शन!"

शैलेंद्र सुटला तो सुटलाच! दोनशे मीटरवर फीत होती, ती त्यानं छातीनं तोडली, दोन्ही हात वर केले आणि वळून पाहिलं. डग्लस तीस मीटर मागे, रंगानं टोमॅटो.

"छान जोर होता, मिस्टर मिराशी," मार्गो म्हणाली. कॅनडाची माणसं फार सभ्य. "फक्त, या वेळी तुम्ही हरा."

"हरू?"

"ईमेलमध्ये लिहिलंय. आमचा पोस्टमन आयुष्यात पहिल्यांदाच कुणाला तरी मागे टाकतो. तो सातवा येतो, तुम्ही आठवे. पुढचे सहा आधीच पोचलेत, ही फीत फक्त शूटिंगची खूण आहे."

"आठवा?" शैलेंद्रनं अनघाकडे पाहिलं. अनघा तळ्यातलं कमळ बघू लागली. तिचे खांदे मात्र हलत होते.

"पप्पा, जस्ट लूज लाह!" कादंबरी तिच्या सिंगापुरी इंग्रजीत ओरडली. "एव्हरी संडे यू लूज व्हॉट!"

दुसरा टेक. शैलेंद्रनं मनाशी पक्कं केलं, हरायचं. शंभर मीटरपर्यंत तो बेतानं धावला. आणि मग त्याला मागून आवाज आला. हाः, हूः, हाः, हूः. धापा! कुणीतरी आपल्या मागे धावतंय आणि आपल्यासाठी धापा टाकतंय! तीन वर्षांत त्यानं पुढच्यांच्या बुटांचे तळवे तेवढे पाहिले होते. मागून येणारी धाप कशी असते हे त्याला ठाऊकच नव्हतं. अंगावर काटा आला, पाय आपसूक सुटले आणि फीत पुन्हा तुटली.

"सॉरी!" शैलेंद्र म्हणाला. "पायांनी केलं!"

"पायांना समजावा," मार्गो म्हणाली. सभ्यपणा जरा कमी झाला होता.

तिसऱ्या टेकला त्यानं अभिनय करायचं ठरवलं. पन्नास मीटरवरच छाती धरली, डोळे फिरवले, "आई गं!" म्हणाला आणि झाड कोसळावं तसा कोसळला. अभिनय इतका जोरदार झाला, की पलीकडे ताई-ची हा चिनी व्यायाम करणाऱ्या सात आज्या हात हवेत सोडून धावत आल्या. एकीनं कपाळाला तेल चोळलं, दुसरीनं नाकाला, तिसरीनं ॲम्ब्युलन्सला फोनच लावला.

"मी ठीक आहे! ॲक्टिंग! ॲक्टिंग!"

"बघा, बरळायला लागला!" फोनवाली म्हणाली आणि पत्ता सांगू लागली.

डग्लसही धावत आला. डॉक्टर पडला ना! त्यानं सवयीनं आधी शैलेंद्रचं तोंड उघडायला लावलं. "खालचा एक दात किडलाय," तो गंभीरपणे म्हणाला.

ॲम्ब्युलन्सला "येऊ नका" म्हणून समजावण्यात वीस मिनिटं गेली. शैलेंद्रच्या अंगाला नीलगिरीचा असा दर्प येत होता, की शेजारी धावताना डग्लसच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"शैलू, इकडे ये," अनघानं त्याला बाजूला घेतलं. "घड्याळ काढ."

"का?"

"ते बघून तुझ्या अंगात येतं. काढ!"

त्यानं घड्याळ काढून दिलं. मनगटावर पांढरा पट्टा उमटला होता. अनघाला वाटलं, जमलं! पण झालं उलटंच. वेग किती, ठोके किती, काही कळेना. त्याला एकदम हलकं वाटलं, शाळेच्या मधल्या सुट्टीत सुटल्यासारखं. चौथ्या टेकला शैलेंद्रनं आधी डग्लसला मागे टाकलं आणि मग तो सायकललाही मागे टाकून गेला! कॅमेऱ्यात आधी त्याचं नाक आलं, मग कान, मग नुसतंच तळं. बेकीनं दचकून हँडल फिरवलं. सायकल गवतात गेली आणि आडवी झाली. मार्गो पालथी पडली, पण कॅमेरा तिनं हात उंच करून वरच्यावर धरला होता, पुरात बाळ धरावं तसा.

पावणेदहा वाजले होते.

मार्गो उठली नाही. आडव्या सायकलला टेकून तशीच बसली आणि रडू लागली. डग्लस तिकडे बाकावर ओल्या टॉवेलसारखा पडला होता. शैलेंद्र त्याच्याजवळ गेला.

"माफ करा. मला खरंच हरायचं होतं."

"मला तर धावायचंच नव्हतं," डग्लस म्हणाला. "मला धावणं आवडत नाही. धावायची ती. रोज, बर्फातसुद्धा! आमच्या लग्नाच्या दिवशीही पहाटे बारा किलोमीटर धावून आली होती. मग खुब्याचं हाड मोडलं आणि सगळं बंद झालं. शेवटच्या शर्यतीत तिनं एका माणसाला मागे टाकलं होतं, आयुष्यात एकदाच. बाकी कायम शेवटची! तो एक क्षण तिला दाखवायचाय. त्यासाठी सहा वर्षं."

शैलेंद्रनं सायकलला टेकून बसलेल्या मार्गोकडे पाहिलं. धाप ऐकल्यावर त्याला जे वाटलं होतं, तेच या बाईला एकदा वाटलं होतं. आणि ते तो सकाळपासून तीन वेळा एकटाच उपभोगत होता!

तो ताडताड मार्गोकडे गेला. "मॅडम, उठा. या वेळी हरलो नाही तर नावाचा मिराशी नाही!"

बागेच्या माणसानं पाच बोटं दाखवली. पाच मिनिटं! सायकल उभी राहिली. डग्लसला दोघी बहिणींनी धरून उभं केलं. "ॲक्शन!"

पण आता अडचण वेगळीच. डग्लसमध्ये काही उरलंच नव्हतं. तो धावत होता की उभ्या उभ्या थरथरत होता, सांगणं कठीण होतं. त्याच्याहून मागे राहायचं तर उलटं चालायला हवं! शैलेंद्रनं वेग कमी केला, आणखी कमी केला, जवळजवळ थांबलाच. तरी तोच पुढे! फीत तीस मीटरवर आली. आणि सकाळपासून तीन वेळा जीव तोडून धावलेल्या त्याच्या डाव्या पोटरीत असा गोळा आला, की पाय लाकडासारखा झाला. तो मटकन गुडघ्यावर आला.

शेजारून, गोगलगायीच्या वेगानं, डग्लस पुढे निघाला.

खरं म्हणजे हेच हवं होतं. पण त्या क्षणी शैलेंद्र सिनेमा विसरला, मार्गोला विसरला, दिलेला शब्द विसरला. दातांचा डॉक्टर, ज्याला धावणं आवडतसुद्धा नाही, तो आपल्याला मागे टाकतोय! त्यानं हात पुढे केला. डोळ्यांत खरोखरचं पाणी आलं. आणि जीव खाऊन ओरडला,

"थांब रे दातपाड्या! तुझ्या नानाची टांग!"

डग्लसनं फीत तोडली आणि तिच्यासकट आडवा झाला. "कट!" मार्गो किंचाळली. लंगडत धावत आली आणि शैलेंद्रला मिठी मारली, नीलगिरीच्या दर्पासकट. "मिस्टर मिराशी, काय चेहरा होता! असा अभिनय मी आयुष्यात पाहिला नाही!"

वर्षभरानं सिनेमा सिंगापूरच्या एका छोट्या महोत्सवात लागला. मंडळाचे चाळीस जण आले. शैलेंद्र सूट घालून पहिल्या रांगेत. शेवटची शर्यत आली. पडद्यावर गुडघ्यावर आलेला शैलेंद्र, पुढे केलेला हात, भरलेले डोळे. त्यानं तोंड उघडलं, अख्ख्या थिएटरात "तुझ्या नानाची टांग!" घुमलं, आणि खाली इंग्रजी अक्षरं उमटली. त्यांचा अर्थ होता, "जा मित्रा, जा! आजचा दिवस तुझा आहे."

चाळीस मराठी माणसं खुर्च्यांवरून खाली घसरली. बाकीचं थिएटर रुमाल शोधत होतं. हुंदके आणि हशा एकमेकांत मिसळले. हुंदकेवाले हसणाऱ्यांकडे असे बघत होते, जणू हे कुणाच्या मयताला येऊन टाळ्या देतायत.

"शैलू," हसून दुखणारं पोट धरत अनघानं विचारलं, "हे भाषांतर कुणी केलं?"

"मार्गोनं ईमेल करून विचारलं होतं, काय म्हणालात म्हणून," शैलेंद्र खुर्चीत आणखी खाली सरकत म्हणाला. "मी दोन दिवस विचार करून कळवलं."

बाहेर पडताना एक सत्तरीच्या चिनी बाई वाट अडवून उभ्या होत्या. डोळे लाल. त्यांनी शैलेंद्रचा हात दोन्ही हातांत घेतला.

"फार सुंदर बोललात! माझी मुलगी डिसेंबरात मॅरेथॉन धावणार आहे. मला ते तुमच्या भाषेतच ओरडायचंय. शिकवा ना!"

शैलेंद्रनं अनघाकडे पाहिलं. तिनं ओढणीचा बोळा तोंडात कोंबला होता. तिकडून काही मदत येणार नव्हती. काय करणार बिचारा? इकडेतिकडे पाहत, आवाज शक्य तितका खाली आणत, त्यानं एकेक शब्द सुटा करून सांगितला. बाईंनी शिस्तीत दोनदा म्हणून पाहिलं आणि तिसऱ्यांदा त्यांचा चेहरा एकदम उजळला.

"टांग? अय्या, आमचं आडनावही टांगच! म्हणजे आम्ही घरचे सगळेच मिळून ओरडू!"