कडक की मऊ?

दातांच्या डॉक्टरांनी बायकोची धडधाकट गाडी खोलली, ती ‘जरा आणखी पळवायची’ म्हणून. आता इंजिन जेवणाच्या टेबलावर होतं, घरची माणसं मांडीवर ताटं घेऊन जेवत होती आणि बायको बसला लटकत ऑफिसला जात होती.

घोडं अडलं होतं बेअरिंगपाशी. गरगर फिरणाऱ्या क्रँकशाफ्टला आधार देणारी ही पातळ, अर्धगोल पट्टी. मऊ घेतली तर ती तेलातला बारीकसारीक कचरा पोटात घालते, पण रेसचा भार सोसत नाही. कडक घेतली तर भार सोसते, पण कचऱ्याशी तिचं जमत नाही.

“अहो, कंपनीचं होतं तेच बसवा ना,” बायको म्हणाली.

“ते भाजी आणायला जाणाऱ्यांसाठी असतं.”

“मी भाजीच आणते.”

हा मुद्दा डॉक्टरांना तांत्रिक वाटला नाही. त्यांनी दवाखान्यात मत विचारलं. खुर्चीतल्या काकांच्या तोंडात आरसा, कापूस आणि नळी होती.

“कडकच घ्यावं, नाही का?”

“आँ... आँ!”

“बघा! सगळ्यांचं हेच म्हणणं आहे.”

कडक बेअरिंग आलं. त्याला शाफ्टभोवती फट जास्त लागते, म्हणून दाट तेल आलं. दाट तेल ढकलायला मोठा पंप आला. पंप मावेना, म्हणून खालचं तेलाचं भांडं बदललं. या धांदलीत इंजिनाच्या आतल्या तेलाच्या वाटा धुवायच्या तेवढ्या राहिल्या. दिवसभर लोकांना ‘कानाकोपरा साफ करत चला’ म्हणून दटावणाऱ्या माणसाकडून राहिल्या.

गाडी सुरू झाली, तेव्हा मेहुण्याला मुद्दाम शेजारी बसवलं होतं. कोपऱ्यापर्यंत पोचताच आतून खडखडाट सुरू झाला.

“भावजी, काय वाजतंय हो?”

“रेसचं इंजिन आहे. ते काय कुजबुजणार?”

ते कुजबुजलं नाहीच. एकदा किंचाळलं आणि कायमचं गप्प झालं. मेहुण्याने धक्का मारत गाडी घरी आणली; डॉक्टरांनी स्टिअरिंग धरलं.

संध्याकाळी इंजिन पुन्हा टेबलावर आलं. क्रँकशाफ्टवर नांगर फिरल्यासारख्या रेघा उमटल्या होत्या. डॉक्टरांचा उतरलेला चेहरा बघून बायकोला दया आली. तिने चहा आणून ठेवला. तेवढ्यात डॉक्टरांनी बेअरिंग दिव्यापाशी धरलं आणि त्यांची कळी खुलली.

“बघितलंस? शाफ्टची वाट लागली, पण ह्याला जवळजवळ काही झालेलं नाही! माझी निवड अचूक होती!”

बायकोने त्यांच्यापुढचा कप उचलून स्वतःच्या तोंडाला लावला.

“छान. मग उद्या मला ऑफिसला तेच सोडू दे.”